आधी बिघाड कुठे आहे ते बघू, मग पान्हा हातात घेऊ



आजचा लेख एका जुन्या गाडीपासून सुरू होतो आणि चौथीच्या वजाबाकीपर्यंत जातो. वाचायला थोडा वेळ लागेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आमच्या मामांकडे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अकोल्यात अजूनही सगळे तिला 'फियाट'च म्हणतात. मामा ती फारशी चालवत नाहीत, पण विकतही नाहीत. पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि दसऱ्याला धुऊन, झेंडूचा हार घालून अगस्ती ऋषींच्या मंदिरापर्यंत एक फेरी होते. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस किती असतो ते आपल्याला माहीत आहे. अकोले गावात तेवढा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या कपाटातल्या वह्यासुद्धा दमट होतात. मग शेडमधल्या गाडीचं काय होत असेल!

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामांनी सेल्फ मारला. इंजिन चांगलं गरगर फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. दहा वेळा मारून झालं, शेवटी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. गाडी नाही. मग कॉइल बदलला. गाडी नाही. मग चारही प्लग बदलले. तरी नाही. साडेसात हजारांचं बिल झालं आणि वर सल्ला मिळाला, "आता कार्बोरेटर बदला, नाहीतर भंगारात देऊन टाका. जुनी गाडी म्हणजे असंच असतं."

मामांचा चेहरा पडला. दसरा तसाच गेला. हार घातला, पण गाडी जागची हलली नाही.

मिस्त्रींचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले तेव्हा मामांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं होतं. त्यांनी उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सींची कामं केलेली. त्यांनी आधी चहा घेतला आणि पान्हा न काढता नुसते प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"शेवटची चालली कधी? बंद पडली तेव्हा झटक्यात बंद झाली की फडफड करत? सेल्फ जोरात फिरतो का नुसतं 'टक' वाजतं? पेट्रोल कधीचं आहे?"

मला गंमत वाटली. शेजारी खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, "काका, एवढं विचारता कशाला? उघडून बघा ना."

ते म्हणाले, "मॅडम, उघडून बघायला काय, सगळंच उघडता येतं. पण कुठं उघडायचं ते आधी कळाया नको?"

मग त्यांनी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण माझा सगळा मुद्दा या क्रमातच आहे.

सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरीत दम आहे. बॅटरी कमजोर असेल किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल, तर नुसता टक आवाज येतो, हेडलाइट लावून सेल्फ मारला तर दिवे एकदम मंद होतात. तसं काहीच होत नव्हतं. म्हणजे बॅटरी बदलायची गरजच नव्हती आणि हे इंजिनाचा आवाज नुसता ऐकूनही कळत होतं.

दुसरं, त्यांनी एक प्लग काढला आणि टोक बघितलं. ओलं होतं, पेट्रोलचा वास येत होता. "पेट्रोल आत येतंय, पण जळत नाही," ते म्हणाले. प्लग कोरडा निघाला असता तर टाकी, फिल्टर, इंजिनावरचा छोटा पंप, कार्बोरेटर असा पेट्रोलचा रस्ता तपासावा लागला असता. ओला निघाला म्हणून तो अख्खा रस्ता बाजूला पडला. एका नजरेत अर्धी गाडी निर्दोष ठरली!

तिसरं, ठिणगी. दुसरा एक सुका प्लग वायरीला लावून, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवून सेल्फ मारायला सांगितला. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडायला हवी. उडाली नाही. म्हणजे बिघाड ठिणगीच्या रस्त्यावर. (हे घरी करून बघू नका. तिथे हजारो व्होल्टचा झटका असतो आणि आसपास पेट्रोलची वाफ असते.)

चौथं, त्यांनी दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब काढला. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या खिळीला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. सेल्फ मारल्यावर बल्ब मिचकायला हवा. तो मिचकला नाही, एकसारखा लागून राहिला. म्हणजे कॉइलमधून करंट येतोय, पण पुढे पॉइंटमधून जात नाही.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत दोन छोटे धातूचे पॉइंट असतात. इंजिन फिरताना ते सतत चिकटतात आणि सुटतात. चिकटले की कॉइलमधून करंट वाहतो, सुटले की तो तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणी कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगला पाठवतो. आमच्या गाडीचे पॉइंट चार महिन्यांच्या दमट हवेत काळे पडले होते. ते चिकटत होते, पण मधल्या थरामुळे करंट जात नव्हता.

मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून पॉइंटच्या मध्ये फिरवला, कापडाने पुसलं, पत्तीने फट मोजून नीट केली. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी असते. ओले झालेले प्लग सुकवून परत लावले. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. मग मुद्दाम जुना कॉइल परत लावून बघितला. तोही व्यवस्थित होता.

मामा हसत होते, पण मला हसू येईना. मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवत होती.

माझी बॅटरी-बदली

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आहे. वाचन चांगलं, पाढे पाठ, बेरीज बरोबर. पण वजाबाकी चुकायची. दिवाळीआधीच्या चाचणीत दहापैकी तीन बरोबर. मी वहीवर लाल शेरा दिला, 'वजाबाकीचा सराव आवश्यक'. रोज वीस वजाबाक्या घरून करायला दिल्या. तिने केल्या. चुकीच्या केल्या. मी आणखी दिल्या. एक दिवस कंटाळून सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "दुसरीतली मुलं करतात, तुला चौथीत येत नाही?" ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून गणिताच्या तासाला तिने हात वर करणं बंद केलं.

तिच्या आईला बोलावून सांगितलं, "घरी लक्ष द्या." आईने क्लास लावला. म्हणजे आधी मी बॅटरी बदलली, मग आईने कॉइल बदलला. बॉनेट कोणीच उघडलं नाही.

सुट्टीनंतर मी तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवलं. ५२ वजा २७ हे गणित दिलं. तिने उत्तर लिहिलं ३५. चूक सांगितली नाही, नुसतं विचारलं, "कसं केलंस, मला सांग ना."

ती म्हणाली, "मॅडम, दोनातनं सात जात नाहीत ना, मग सातातनं दोन काढले. पाच. आणि पाचातनं दोन काढले, तीन."

मग ६३ वजा २८ दिलं. उत्तर ४५. त्यानंतर ८७ वजा ३४ दिलं. उत्तर ५३, बरोबर! म्हणजे जिथे दशक सुटा करावा लागत नाही तिथे ती चुकतच नव्हती. तिला वजाबाकी येत होती. अडत होतं फक्त एका ठिकाणी. एकक कमी पडले की एक दशक मोडून दहा एकक करायचे, हे तिला उमगलं नव्हतं. त्याऐवजी तिने स्वतःचा एक नियम बनवला होता की मोठ्यातून लहान काढायचं. आणि तो नियम ती प्रामाणिकपणे पाळत होती. मी तिला वीस-वीस वजाबाक्या देऊन त्याच चुकीच्या नियमाचा सराव करून घेत होते!

चाचणीचा जुना पेपर काढून बघितला. बरोबर आलेल्या तिन्ही वजाबाक्या दशक न मोडता होणाऱ्या होत्या. पुरावा माझ्या कपाटातच होता, मी फक्त गुण मोजले होते.

काड्यांचे गठ्ठे घेतले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. "यातून सात सुट्या मला दे." ती गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, गठ्ठा सोडू?" मी म्हटलं, "सोड." पुढचं तिने तिचं तिनेच केलं. तीन दिवस काड्यांवर, मग वहीत. आठवड्याभरात काम झालं. हात वर करायला मात्र तिला त्यानंतरही दीड महिना लागला.

शिक्षक मित्रांनो, मला सगळ्यात जास्त बोचतंय ते हे. गाडीला भंगार म्हटलं तरी गाडी ऐकत नाही, मूल ऐकतं. पॉइंट घासले की गाडी मागचं विसरून सुरू होते, मुलाचं तसं नसतं.

हे काही नवीन नाही

आपण सगळ्यांनी डी.एड.ला 'निदानात्मक चाचणी' आणि 'उपचारात्मक अध्यापन' हे शब्द पाठ केलेत, परीक्षेत त्यावर टीपा लिहिल्यात. पण नोकरीला लागल्यावर निदान कधी गळून पडलं आणि नुसता उपचार कधी उरला ते कळलंच नाही. उपचार म्हणजे तरी काय, तोच धडा परत, थोड्या मोठ्या आवाजात.

अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या बऱ्याच चुका उगाच, बेफिकिरीने होत नाहीत. मूल एक चुकीची पायरी दरवेळी अगदी काटेकोरपणे पाळत असतं, जसा संगणकाच्या प्रोग्राममध्ये एखादा दोष असतो तसं. माझ्या विद्यार्थिनीची 'मोठ्यातून लहान' ही चूकही त्यांच्या यादीत आहे. शिक्षकांना सरावासाठी त्यांनी 'बगी' नावाचा एक खेळही तयार केला होता. त्यात संगणक चुकीची उत्तरं देतो आणि आपण चुकीचा नियम ओळखायचा. इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या कामाला मिस्त्रीकाम म्हणून मान दिला होता, हे वाचून मला बरं वाटलं.

"आता सगळं मशीन सांगतं"

मामांचा मुलगा म्हणाला, "ताई, हे जुन्या गाड्यांपुरतं. आता स्कॅनर लावला की कोड येतो." बरोबर आहे. पद्मिनीचा जमाना संपला. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून कितीतरी वर्षं धावल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली. आजच्या गाड्यांत ना कार्बोरेटर, ना ते पॉइंट.

पण स्कॅनरचा कोडसुद्धा फक्त कोणत्या भागात बघायचं तेवढं सांगतो. तिथला सेन्सर खराब आहे, की त्याची वायर उंदराने कुरतडली, हे माणसालाच बघावं लागतं. कोड वाचून थेट पार्ट बदलणारा आणि बॉनेट न उघडता बॅटरी बदलणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

आपल्याकडचे स्कॅनर म्हणजे चाचण्या, स्तरनिश्चिती, ॲपवरच्या नोंदी. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं आणि पायाभूत वाचन व गणितावर सगळ्यांचं लक्ष आलं, हे चांगलंच झालं. पण 'अमुक मूल परिच्छेद वाचत नाही' ही नोंद म्हणजे 'गाडी सुरू होत नाही' एवढंच झालं. ते का वाचत नाही हे नोंदवहीच्या त्या रकान्यात येत नाही. जोडाक्षरांशी अडतं का? अक्षरं येतात पण शब्द धरता येत नाही का? की घरी ठाकरी बोली आहे आणि पुस्तकातला शब्द त्याने कधी ऐकलेलाच नाही? तिन्हींचा उपाय वेगळा, नोंद मात्र एकच.

वर्गातला 'प्लग ओला की कोरडा'

मिस्त्रींचं मला सगळ्यात आवडलं ते असं की ते एक सोपी तपासणी करायचे आणि अर्ध्या शक्यता बाजूला टाकायचे. वर्गातही तसं करता येतं. मी सध्या हे करते:

१. आधी बॅटरी. मूल जेवून आलंय का? झोप झाली का? फळ्यावरचं दिसतं का, मागून हाक मारली तर ऐकू येतं का? शाळेतल्या आरोग्य तपासणीची वाट न बघता तिसऱ्या बाकावरून फळा वाचायला लावायला एक मिनिट लागतं.

२. शाब्दिक उदाहरण अडलं तर ते मी मोठ्याने वाचून दाखवते. ऐकून सोडवलं, तर गणित ठीक आहे, अडचण वाचनात. ऐकूनही नाही सुटलं, तर तेच आकडे नुसते मांडून देते. आता सुटलं, तर क्रिया येते, अर्थ लागत नाही.

३. उत्तर चुकलं की 'चूक' म्हणायच्या आधी 'कसं केलंस' विचारते. बरोबर आलं तरी अधूनमधून विचारते, नाहीतर मुलांना कळतं की मॅडमनी विचारलं म्हणजे चुकलंच.

४. एका वेळी एकच बदल. काड्या आणल्या तर त्याच आठवड्यात जागा, वही, क्लास सगळं बदलत नाही. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. गॅरेजवाल्याने तीन पार्ट बदलले आणि गाडी योगायोगाने सुरू झाली असती, तरी पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न परत उभा राहिला असता.

मला माहीत आहे, आता तुम्ही म्हणाल, "मॅडम, दोन वर्ग एका खोलीत, पस्तीस मुलं, वर ऑनलाइन माहिती भरायची. कधी बसायचं प्रत्येकाशेजारी?" रास्त प्रश्न आहे, मीही त्याच नावेत आहे. पण सगळी मुलं एका दिवशी बंद पडत नाहीत. मी आठवड्याला चार मुलं घेते, प्रत्येकी दहा मिनिटं. वीस-वीस वजाबाक्या तपासण्यात माझा याहून जास्त वेळ जात होता आणि हाती काहीच येत नव्हतं.

मुलांनाही मिस्त्री होऊ द्या

शेवटची गोष्ट, एक उपक्रम. तिसरी-चौथीला सहज जमतो. टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब, वायर, चिकटपट्टी. पाच गटांना पाच जोडण्या द्यायच्या, प्रत्येकीत आपण आधीच एक बिघाड करून ठेवायचा:

– एका सेलचं तोंड उलटं
– बल्ब गेलेला
– वायरीचं टोक न सोललेलं
– मधे कागदाचा बारीक कपटा
– सेल संपलेला

नियम दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलायच्या आधी वहीत लिहायचं: काय दिसतंय, मला काय वाटतंय, मी काय करणार, काय झालं. फक्त टॉर्चचे सेल वापरायचे, घरच्या बोर्डाला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगा.

माझ्या वर्गात कागदाचा कपटा शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण सगळं 'बरोबर' दिसत होतं. तो शोधला त्याच मुलीने. तिने दोन्ही सेल, बल्ब आणि वायर एकेक करून दुसऱ्या चांगल्या जोडणीत लावून बघितले आणि मग म्हणाली, "मॅडम, सगळं चांगलंय. मग मधे काहीतरी असणार." मिस्त्री काका असते तर त्यांनी तिला चहा पाजला असता.

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. मुलाचे गुण कमी आले की लगेच क्लास लावू नका, मोबाइल काढून घेऊ नका, शेजारच्या मुलाचं नाव तर अजिबात घेऊ नका. आधी पेपर घेऊन शेजारी बसा आणि 'हे कसं केलंस' विचारा. उत्तर ऐका. मग आमच्याकडे या आणि आम्हालाही विचारा, "मॅडम, नेमकं कुठे अडतंय?" आम्हाला सांगता आलं नाही, तर आम्हीही अजून बॉनेट उघडलेलं नाही असं समजा. मला हा प्रश्न दिवाळीआधी कोणी विचारला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामांची पद्मिनी आता व्यवस्थित आहे. मिस्त्रींनी जाताना सांगितलं, पंधरा दिवसांतून एकदा सुरू करून थोडी फिरवत जा, टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवा. बंद पडण्याआधीची देखभाल. तीही आपल्याला लागू आहेच, पण त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

तुमच्या वर्गात असा एखादा 'काळा पडलेला पॉइंट' सापडला असेल तर जरूर कळवा. चुकलेलं उत्तर आणि त्यामागचा मुलाचा नियम, दोन्ही लिहा. आपण मिळून एक यादी करू.